पदराखालचा माईक

'रेवतीचा ओटा' हा कार्यक्रम टीव्हीवर उणेपुरे एकतीस दिवस चालला. रोज दुपारी दोन वाजता, म्हणजे बायका जेवणं आटोपून, भांडी पालथी घालून जरा पाठ टेकतात त्या वेळेला. रेवती सरनोबत ही एके काळची मोठी नटी. तिच्या सिनेमांना बायका टेंपो भरभरून जायच्या आणि डोळे सुजवून परत यायच्या. आता तिला सिनेमे मिळेनासे झाले होते आणि चॅनलला दुपारचा तास भरायचा होता, तेव्हा दोघांचं जमलं. मुंबईत सगळंच महाग, म्हणून शूटिंग नाशकात ठेवलं, पेठ रोडच्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात. नवरानवरीच्या खुर्च्या मांडायच्या त्या स्टेजवर थर्माकोलचा ओटा उभा राहिला. त्याला शेणाने सारवल्यासारखा रंग दिला आणि बाजूला प्लास्टिकची तुळस ठेवली. या ओट्यावर बसून रेवतीने गावोगावच्या बायकांना बोलतं करायचं, असा एकंदर बेत होता.

समोर बसून टाळ्या वाजवायला आणि डोळे पुसायला बायका लागायच्या. त्या मखमलाबादच्या प्रतिभाने पुरवल्या. प्रतिभा बचत गटाची अध्यक्ष. सभा असो, हळदीकुंकू असो, नाहीतर कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस, तासाभरात पन्नास बायका गोळा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका दिवसात तीन भाग उरकायचे होते, म्हणून प्रत्येकीने तीन साड्या आणायच्या असा तिने हुकूम काढला. एक भाग झाला की साडी बदलायची आणि दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसायचं, म्हणजे टीव्हीवर निराळ्याच बायका दिसतात. चेहरे कोण बघतंय, लोक साड्याच बघतात, असं प्रतिभाचं म्हणणं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं.

या पन्नासांत लंकाबाई होती. वय अठ्ठावन्न. दीड एकरात शेवंती आणि झेंडू, बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. नवरा धोंडीराम, दोन वर्षांपूर्वी गेले. एकुलती एक मुलगी निकिता; तिने सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या समाजातल्या मुलाशी, कुणाला न सांगता, रजिस्टर लग्न केलं आणि ती इगतपुरीला राहायला गेली. तिच्या नवऱ्याचं, राजचं, तिथे मोबाईलचं दुकान आहे आणि दुपारी तो जेवायला गेला की गल्ल्यावर निकिता बसते. लग्नानंतर ती माहेरी आली नाही. तिला कुणी बोलावलंही नाही.

धोंडीराम गेल्याचं तिला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही परक्याकडून. तिने आईला फोन केला आणि एवढंच विचारलं की मला का कळवलं नाही. तेव्हा घरात माणसं बसलेली होती, दीर सावळीराम समोरच होते, आणि लंकाबाईच्या तोंडून निघून गेलं, "तेच म्हणाले होते, मेलो तरी तिला माझं तोंड दाखवू नका. शपथ घातली होती." फोन कट झाला. त्यानंतर मायलेकींचं बोलणं नाही. ही शपथ मग गावभर झाली. धोंडीराम कसे शब्दाचे पक्के, असं लोक म्हणू लागले. लंकाबाईही विचारणाऱ्याला तेच सांगत राहिली, आणि पुन्हा पुन्हा सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की कुठे अडकेनाशी झाली.

धोंडीरामांनी असलं काही म्हटलंच नव्हतं. हे जगात एकट्या लंकाबाईला ठाऊक होतं. आपला बाप आपला तिरस्कार करत मेला, असं समजून तिकडे इगतपुरीला एक मुलगी दिवस काढते आहे, हेही तिला ठाऊक होतं. फोन उचलून खरं सांगून टाकावं असं दोन वर्षांत कितीदा तरी मनात आलं. पण झाकली मूठ उघडायला धाडस लागतं, आणि तेवढं तिच्यात नव्हतं.

त्या दिवशी तिसऱ्या भागाला जी बाई बोलायला यायची होती तिला पेठहून येणारी गाडी मिळाली नाही. सगळं युनिट खोळंबलं. तेव्हा प्रतिभाने लंकाबाईला पुढे ढकललं. हिची कहाणी अशी आहे की दगडाला पाझर फुटेल, असं तिने परस्पर सांगूनही टाकलं. साउंडवाला मोतीराम, पन्नाशीचा शांत माणूस, येऊन लंकाबाईच्या खांद्यावर पदराच्या काठाला माईकचा चिमटा लावून गेला. पदराला हात लावू नका, असं त्याने तीनदा बजावलं. लंकाबाईने तीनदा मान हलवली.

रेवतीने तिचा हात हातात घेतला आणि विचारायला सुरुवात केली. लंकाबाई बोलली, आणि छान बोलली. ती गोष्ट तिला पाठच होती. मुलगी कशी गेली, बापाने कसं मनाला लावून घेतलं, शेवटी शपथ कशी घातली, आणि बाईच्या जातीचा कसा नाइलाज असतो. समोरच्या बायका हुंदके देत होत्या, आणि त्यासाठी कुणी त्यांना खूण केलेली नव्हती. भाग संपला, टाळ्या झाल्या, आणि मग मोतीरामने कानावरचा हेडफोन काढून डायरेक्टरला सांगितलं की अर्ध्याच्या पुढे काहीही आलेलं नाही, नुसती खरखर आहे.

झालं होतं असं, की धोंडीरामांचा विषय निघाला तसा लंकाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि दोन्ही खांद्यांभोवती घट्ट लपेटून घेतला. चार परक्यांत गेलेल्या नवऱ्याचा विषय निघाला की तिच्या वयाची कुठलीही बाई हेच करते, आणि आपण केलं हे तिला कळतही नाही. माईक पदराच्या आत, सुती साडीच्या दोन घड्यांत दबून बसला होता. मोतीराम रागावला नाही. चूक माझीच, गळ्याशी लावायला हवा होता, असं म्हणून त्याने तो तिच्या गळ्यातल्या माळेखाली ब्लाऊजला अडकवून दिला.

पुन्हा घ्यायचं ठरलं. बायकांच्या रडण्याचं शूटिंग सगळं मिळालेलं असल्यामुळे त्यांना जेवायला सोडलं. मागच्या अंगणात पत्रावळ्या मांडल्या गेल्या, मसालेभाताचा वास आत येऊ लागला. हॉलमध्ये आता रेवती, डायरेक्टर, दोन कॅमेरेवाले, मोतीराम आणि लंकाबाई एवढीच माणसं उरली. सगळं अगदी मघासारखंच सांगा, असं डायरेक्टरने सांगितलं.

लंकाबाईने सुरुवात केली, पण रिकाम्या खुर्च्यांकडे बघून गाडी पुढे जाईना. मघाशी जे आपोआप येत होतं ते आता शब्द शब्द शोधून आणावं लागत होतं. शपथेपाशी येऊन ती थांबलीच. तेव्हा रेवतीने मदत म्हणून, आपल्या त्या भरदार आवाजात, तिचं वाक्य पुढे केलं. "ते म्हणाले, मेलो तरी तिला माझं तोंड दाखवू नका. हो ना?"

इतके दिवस ते वाक्य लंकाबाईच्या स्वतःच्या तोंडात होतं, त्यामुळे ते कसं वाटतं हे तिने कधी ऐकलं नव्हतं. आज दुसऱ्या कुणीतरी ते धोंडीरामांच्या तोंडी घातलं. धोंडीराम शेवंतीची फुलं खुडतानासुद्धा झाडाला लागेल म्हणून देठ जपून धरायचे. त्या माणसाच्या तोंडी हे वाक्य. लंकाबाईला अंगभर लाज वाटली.

"नाय," ती म्हणाली. "असं नव्हते म्हणाले ते."

आणि मग तिने खरं काय ते सांगितलं. कसं सांगितलं ते तिलाही नंतर नीट आठवेना, एवढंच आठवलं की कुणी मध्ये बोललं नाही, डायरेक्टरने थांबा म्हटलं नाही, आणि मोतीराम खाली मान घालून दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून बसला होता. संपल्यावर रेवतीने तिला जवळ घेतलं. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी दिसेल, असं डायरेक्टरने सांगितलं.

त्या रात्री लंकाबाईला दोन वर्षांत आली नव्हती अशी झोप लागली. काम झालं होतं. आता आपल्याला काही बोलायचं नाही, टीव्हीच बोलेल. सावळीरामची मुलगी हर्षाली कॉलेजात जाते, तिचं आणि निकिताचं अलीकडे चोरूनमारून मोबाईलवर बोलणं असतं, हे लंकाबाईला माहीत होतं आणि हर्षालीलाही ते तिला माहीत आहे हे माहीत होतं. निकीताई दुकानात बसून 'रेवतीचा ओटा' रोज बघते, असं तिनेच एकदा सहज सांगितलं होतं. लंकाबाईने तिला म्हटलं, त्या गुरुवारी चुकवू नको म्हणावं. का, ते हर्षालीने विचारलं नाही. काकू टीव्हीत दिसणार म्हणूनच असेल, असं तिला वाटलं.

गुरुवारी लंकाबाईने फुलं लवकर आटोपली, अंघोळ करून धुवट साडी नेसली आणि दीड वाजताच टीव्ही लावून बसली. शेजारी हर्षाली. भीती वाटत होती खरी, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. गावाला कळलं तर कळू दे. सावळीराम बोलतील, चार दिवस बोलतील. दोन वाजले, आणि ओट्याच्या जागी कुणीतरी बाई भरली वांगी करून दाखवू लागली. जाहिरात झाली, पुन्हा वांगीच आली. हर्षालीने चॅनल पुढेमागे करून बघितला. मग प्रतिभाचा फोन आला. कार्यक्रम बंद झाला होता, लोक बघत नव्हते म्हणे, काल दाखवला तोच शेवटचा. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय, असं म्हणून तिने पुढच्या भागांसाठी करून ठेवलेल्या साड्यांच्या इस्त्रीचं रडगाणं सुरू केलं.

तेवढ्यात हर्षालीच्या मोबाईलवर निकिताचा मेसेज आला. दुकान बंद करून बसले होते, काय होतं आज? हर्षालीने काकूकडे बघितलं. लंकाबाईला सांगता आलं असतं, तिथल्या तिथे. तिने पदर सारखा केला आणि काही नाही म्हणावं, असं सांगितलं. भरली वांगी शिजेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच पेठ रोडला गेली. कार्यालयाच्या दारात टेंपो उभा होता आणि थर्माकोलच्या ओट्याचे तुकडे त्यात कोंबणं चाललं होतं. मोतीराम वायरी गुंडाळत होता. तिने त्याला म्हटलं, माझं ते बोललेलं मला द्या, मी घेऊन जाते. सगळं मुंबईला गेलं, ते कंपनीचं आहे, न दाखवलेले भाग कुणाला देत नाहीत, पुढेमागे पुसूनही टाकतात, असं त्याने जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. "मी ऐकलंय, मावशी," तो म्हणाला. "पण माझ्याकडं काय नाय."

रेवती आतल्या खोलीत होती. दारावर 'वधूपक्ष' ही पाटी अजून होती. चेहऱ्याला रंग नव्हता, केस नुसते बांधलेले, आणि ती स्वतःच आपल्या साड्या बॅगेत भरत होती. कार्यक्रम बंद झाल्याचं तिला मोबाईलवरच्या दोन ओळींनी कळवलं होतं. एकतीस दिवसांत एवढ्या बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, पण आज भेटायला कुणी आलं नव्हतं. त्यामुळे लंकाबाईला बघून तिला मनापासून बरं वाटलं. तिने ओळखलंही, शेवंतीवाल्या ना तुम्ही, म्हणाली. लंकाबाईने येण्याचं कारण सांगितलं, तशी ती उठूनच उभी राहिली. टीव्हीवर नाही तर नाही, मी स्वतः तुमच्या मुलीशी बोलते, नंबर द्या.

लंकाबाईला देव भेटल्यासारखं झालं. आपल्या तोंडून जे निघत नाही ते या बाईच्या तोंडून किती चांगलं निघेल. तिने पिशवीतून मोबाईल काढला. निकिताचा नंबर त्यात होताच. रेवतीने स्वतःच्या फोनवरून तो लावला आणि लंकाबाईलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

निकिताला आधी खरंच वाटेना. मग ती हसली, मी सगळे भाग बघितलेत म्हणाली. दोन वर्षांनी लंकाबाई लेकीचा आवाज ऐकत होती. तो जरा जाड झाला होता. रेवतीने दोन गोड शब्द बोलून विषयाला हात घातला. तुझी आई माझ्यासमोर बसली आहे, ती फार सोसते आहे, तिच्यावर राग धरू नकोस. "तुझ्या वडिलांनी शेवटी शपथच घातली होती गं. मेलो तरी तिला माझं तोंड दाखवू नका. तुझ्या आईचे हात बांधलेले होते."

रेवती खोटं बोलत नव्हती. दिवसाला तीन अशा किती बायकांचं दुःख तिने ऐकलं होतं. त्यातलं जे चांगलं वठलेलं होतं, ज्यावर सगळा हॉल रडला होता, ते तिच्या लक्षात राहिलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर अडखळत सांगितलेलं दुसरं तिच्या मनातून निसटलं होतं. दारात वायरी घेऊन उभा असलेला मोतीराम मात्र चमकून वर बघू लागला. पलीकडून निकिता नुसती "हं" म्हणाली. ते "हं" इतकं सवयीचं होतं, की लंकाबाईला ते सहन झालं नाही. तिने हात पुढे केला आणि रेवतीच्या हातातून फोन काढून घेतला.

"निकी, मी बोलते."

पलीकडे गल्ल्याचा खण बंद केल्याचा आवाज आला.

"शपथ नव्हती. मी खोटं बोलले. त्यांनी तसं कधीच म्हटलं नाय."

"मग?"

"दवाखान्यातून घरी आणल्यावर अकरा दिवस होते ते. दार वाजलं की विचारायचे, निकी आली का. रोज विचारायचे. मी म्हणायचे, उद्या बोलावते. नंबर होता माझ्याकडं. मी लावला नाय."

"का नाही लावलास?"

सबब तयार होती. तेव्हा हर्षालीच्या थोरल्या बहिणीचं लग्न जमत होतं, निकिता आली असती तर पाहुणे बिथरले असते, घराण्याचं नाव गेलं असतं. हे सगळं खरंही होतं. हे सांगितलं असतं तर निकिताला कदाचित समजलंही असतं.

"मी उशाशी बसलेली," लंकाबाई म्हणाली. "त्यांचं सगळं करत होते, घास भरवत होते. आन नाव तुझं. निघून गेली तिचं नाव. मला राग आला. आज नको, उद्या बोलावू, आसं करता करता ते गेले."

दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं, चार्जर मागू लागलं, आणि निकिताने त्याला नंतर या म्हणून सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा होता. मग ती फोनवर बोलली तेव्हा तो तसा राहिला नव्हता.

"मी त्यांचा फोटो लावला नाही घरात. दोन वर्षं. त्यांना माझ्या घरात यायचं नसेल, असं वाटलं."

लंकाबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"फोटो पाठव," निकिता म्हणाली. "हर्षालीबरोबर पाठव. तू येऊ नको, आई. एवढ्यात नको."

"बरं," लंकाबाई म्हणाली.

फोन बंद झाल्यावर रेवतीने तिच्याकडे बघितलं. आपण काय बोललो ते तिच्या आता ध्यानात आलं होतं. ती माफी मागू लागली. लंकाबाईने तिचा हात दाबला, तुमची चूक नाही म्हणाली. मोतीराम तिला रिक्षापर्यंत सोडायला आला.

घरात धोंडीरामांचा मोठा केलेला फोटो एकच होता. शनिवारी सकाळी लंकाबाईने तो भिंतीवरून उतरवला, पुसला आणि नव्या टॉवेलात बांधला. सावळीराम चहा घेत बसले होते, शेजारची दोन माणसंही होती. फोटो कुठे, असं त्यांनी विचारलं. इगतपुरीला, निकीकडे, ती म्हणाली. मग तिने पुढचंही सांगितलं: त्यांची शपथबिपथ काही नव्हती, त्यांनी तिला रोज बोलावलं होतं, मीच कळवलं नाही. सावळीरामांनी कपबशी खाली ठेवली. ते काय बोलतात हे ऐकायला ती थांबली नाही, कारण गाडीची वेळ झाली होती.

नाशिक रोडला फलाटावर गर्दी बेताची होती. हर्षालीला खिडकीची जागा मिळाली. लेकीच्या घरी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून लंकाबाईने मेथीच्या दोन जुड्या, कुरडयांचा डबा आणि साडीचोळी अशी पिशवी बरोबर दिली होती. ती तिने वर ठेवायला लावली. फोटो मात्र मांडीवरच धर, म्हणाली.

निकीताईला काही सांगू का, असं हर्षालीने विचारलं.

"सांगायचं ते सांगितलंय मी. फोटो दोन्ही हातांनी दे तिला."

गाडी हलली. खिडकीतून हर्षालीच्या मांडीवरचा टॉवेल थोडा वेळ दिसत राहिला. धोंडीराम लेकीच्या घरी पहिल्यांदाच निघाले होते. लंकाबाई फलाटावर उभी राहिली आणि शेवटचा डबा जाईपर्यंत उभीच होती.